साताऱ्याचे काटे आणि ग्रॅव्हलचे टायर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे साताऱ्यातच राहतात, वजन ६८ किलो. दिवाळीत ग्रॅव्हल सायकल घेतली, म्हणजे डांबरी आणि कच्चा रस्ता दोन्हीवर चालणारी. टायर ७०० बाय ४० (४० म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी), सायकलीसोबत आलेलेच, आत साधी ट्यूब. शनिवारी कास-बामणोली, रविवारी कोरेगाव-पुसेगाव आणि जमलं तर पुढं दहिवडी. महिन्याभरात पाच पंक्चर झाली. आता त्यांना पळणारे, हलके आणि पंक्चर न होणारे टायर हवेत, आणि पैसे एकदाच घालायचेत.

तिन्ही गोष्टी एका टायरात मिळत नाहीत, हे तुम्हाला दुकानातही सांगितलं असेल. माझं म्हणणं त्याच्या थोडं पुढचं आहे. साताऱ्यात हलकेपणाची अट सोडून द्या. काट्याचा बंदोबस्त टायरवर न टाकता आतल्या सीलंटवर, म्हणजे भोक बुजवणाऱ्या द्रवावर टाका. मग टायर निवडताना तो पळतो कसा आणि त्याच्या बाजू किती दमदार आहेत, एवढंच बघायचं उरतं. असं का, ते सांगतो. जरा लांबेल.

आधी एक सांगा, पाच पंक्चर कशानं झाली ते बघितलंत का? बहुतेक जण बघत नाहीत. ट्यूब बदलतात, हवा भरतात, निघतात. मी वीसेक वर्षं या जिल्ह्यात सायकल चालवतोय. ग्रॅव्हल हा शब्द इकडं यायच्या आधी मुरमाच्या रस्त्यांवर हायब्रिड घेऊन जायचो. त्यातली बरीच वर्षं दुसऱ्यांच्या सायकली उघडून बसण्यात गेली. माझ्याकडं येणाऱ्या ट्यूबवरचं भोक बघितलं की स्वार कुठं गेला होता ते साधारण कळतं. शेजारी शेजारी दोन चिरा असतील, तर काटा-बिटा काही नाही. हवा कमी होती, टायर दगडावर आपटला आणि ट्यूब रिमच्या दोन कडांमध्ये चिमटली. सुईनं टोचल्यासारखं बारीक भोक असेल, तर काटा नाहीतर तार. तार म्हणजे हायवेच्या कडेला पडलेल्या ट्रकच्या फाटक्या टायरांतली. केसाएवढी बारीक असते, टायरमध्ये रुतून बसते आणि दर दोन दिवसांनी नवं पंक्चर देते. पुणे-बेंगळुरू हायवेच्या कडेनं रोज जाणाऱ्याला हिचा अनुभव असतोच.

पंक्चरच्या हिशोबानं आपल्या जिल्ह्याचे दोन भाग पडतात. यवतेश्वरचा घाट चढून कास, किंवा सज्जनगडाकडून ठोसेघर-चाळकेवाडी, हा पश्चिमेचा भाग. इथं काट्यापेक्षा दगडाची भीती. जांभ्याचा पृष्ठभाग कानशीसारखा टायर घासतो, आणि पवनचक्क्यांकडं जाणाऱ्या रस्त्यांवर टाकलेली काळ्या पाषाणाची खडी ताजी असली की तिच्या कडा पात्यासारख्या लागतात. इथं टायर तळाला टोचत नाही, बाजूला फाटतो.

पूर्वेचं गणित वेगळं. कोरेगाव सोडून वर्धनगडाचा घाट ओलांडला की खटाव-माणचा कोरडा मुलूख लागतो, आणि तिथं काट्यांचं राज्य. बाभळीचा काटा सरळ, पांढुरका, जोडीनं येणारा, दोन इंचांपर्यंत सहज. वेड्या बाभळीचा त्याहून आखूड, पण चिवट. आणि खरा शत्रू सराटा. जमिनीला चिकटून पसरणारं, पिवळ्या फुलांचं ते रोप पावसात दिसतही नाही. पाऊस सरला की वाळतं, फळाचे पाच तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकड्याला असे काटे असतात की तो कसाही पडला तरी एक टोक वर राहतंच. काटा जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा, पण एका फेरीत असे वीस-तीस चिकटतात. रस्त्याच्या कडेला दोन मिनिटं पाणी प्यायला थांबलात आणि सायकल मुरमावरून मातीत ढकललीत, तेवढ्यात काम होतं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा त्याचा हंगाम, आणि आपला फिरायचा हंगामही नेमका तोच. तुम्ही सायकल दिवाळीत घेतलीत, म्हणजे मुहूर्तच चुकला.

आता टायरच्या बाजूवर 'पंक्चर प्रोटेक्शन' लिहिलेलं असतं त्याबद्दल. रबराखाली एक पट्टा घातलेला असतो, कुठं नायलॉनचा, कुठं अरॅमिडचा, म्हणजे ज्याला आपण केव्हलार म्हणतो त्याचा, कॉन्टिनेन्टलच्या रोड टायरांत व्हेक्ट्रानचा. हे धागे सहजासहजी कापले जात नाहीत, हे खरंच. पण काटा कापत नाही, तो घुसतो. गोणपाटात दाभण घालताना एकही धागा तुटत नाही, दोन धाग्यांच्या मधून दाभण आरपार जातं, इथंही तसंच. म्हणून काच आणि खडीसाठी हे पट्टे उत्तम, पण सराट्यापुढं त्यांचा भरवसा निम्माच. शिवाय बहुतेक पट्टे फक्त तळाखाली असतात. बाजूपर्यंत गेलेलं संरक्षण हवं असेल तर ते वेगळं बघून घ्यावं लागतं.

काटा अडवायचा तर जाडी लागते. श्वाल्बेच्या मॅरेथॉन प्लसमध्ये तळाखाली ५ मिलिमीटर जाडीचा रबरी थर असतो, त्यात सराट्याचं टोक ट्यूबपर्यंत पोचतच नाही. दहिवडीहून रोज शाळेवर सायकलनं जाणाऱ्या मास्तरांना मी डोळे मिटून तोच सुचवेन. पण ४० च्या मापात एकेक टायर किलोच्या घरात जातो, आणि चालवताना गाडीला कुणीतरी मागून धरल्यासारखं वाटतं. तुमच्या यादीतल्या पहिल्या दोन अटी तिथंच संपल्या.

म्हणून ट्यूबलेस. ट्यूब नाही, टायर रिमला हवाबंद बसतो आणि आत पातळ, दुधासारखं सीलंट खेळतं. काटा घुसला आणि निघाला की हवा बाहेर पडता पडता सीलंट भोकात जातं आणि तिथंच गोठतं. सराट्याचं भोक तर चाकाच्या दोन-चार फेऱ्यांत बंद होतं, तुम्हाला कळतही नाही. घरी आल्यावर टायरवर पांढरे ठिपके दिसतात तेवढेच. ज्या दिवशी ट्यूबवर सहा पंक्चर झाली असती, त्या दिवशी तुम्ही चहा पिऊन परत आलेले असता.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. काही वर्षांपूर्वी मीही तुमच्यासारखाच हलकेपणाच्या नादाला लागलो होतो. ३८ चे, ४०० ग्रॅमच्या आतले टायर, आत टीपीयूच्या, म्हणजे पातळ प्लास्टिकच्या ट्यूब. त्या चाळीसेक ग्रॅमला मिळतात, साधी रबराची, म्हणजे ब्यूटिलची ट्यूब दीडशेच्या वर जाते. तराजूवर ठेवून मित्रांना दाखवलं होतं. मार्च महिना. पुसेगावच्या अलीकडं डांबरी सोडून नेर तलावाच्या बाजूला एका गाडीवाटेनं घुसलो. पुढं कुणीतरी शेताच्या वईसाठी बोराटी ओढत नेली होती. वाटेवर फांद्यांचा माग मुरमात स्पष्ट दिसत होता, आणि मी त्या मागावरूनच गेलो, कारण तिथंच वाट गुळगुळीत झाली होती! पन्नास मीटरवर दोन्ही चाकं बसली. मागच्या टायरमधून चौदा काटे काढले, मोजून. जवळच्या दोन्ही ट्यूब घातल्या, तर आत राहिलेल्या एका मोडक्या टोकानं त्यातली एक लगेच गेली. ढकलत पुसेगावात आलो. पंक्चरवाल्यानं ट्यूब घमेल्यात बुडवली, बुडबुडे बघितले आणि म्हणाला, "पाव्हणं, हितनं तितनं चाळणच झालीया. आन् ह्या प्लास्टिकला माझं सोल्युशन धरत न्हाई." खरंच होतं, टीपीयूला रबराचं सोल्युशन चिकटत नाही, त्याचे पॅच वेगळे असतात. त्याच्या कंप्रेसरची नळी माझ्या बारीक तोंडाच्या प्रेस्टा व्हॉल्व्हला बसली नाही ते आणखी वेगळंच. आल्याच्या पोत्यांवर सायकल आडवी टाकून टेम्पोनं साताऱ्यात आलो. वाचवलेले चारशे ग्रॅम त्या टेम्पोला बहुधा जाणवले नसावेत.

हलकेपणानं किती मिळतं याचा हिशोब नंतर मी शांतपणे मांडला, तो तुम्हीही मांडा. तुम्ही ६८, सायकल १०, पाणी, अवजारं, बूट, कपडे मिळून ७, एकूण ८५ किलो. दोन्ही टायर मिळून ३०० ग्रॅमनं जड घेतले, तर वजन वाढलं साधारण ०.३५ टक्के. सातारा समुद्रसपाटीपासून ७४० मीटरच्या आसपास, कास १२०० च्या वर. तुम्हाला सव्वा तास लागत असेल आणि सगळा वेळ चढाचाच धरला, तरी ३०० ग्रॅमनं फार तर १६ सेकंद जास्त लागतील. चाकाचं वजन दुप्पट धरावं, असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. ते वेग वाढवताना खरं, एका लयीत घाट चढताना नाही. आणि उन्हात एक पंक्चर काढायला सरावाच्या हाताला दहा मिनिटं लागतात.

पळण्याचा हिशोब मात्र खरा आहे, तिथं पैसे घाला. टायर जमिनीवर दर फेरीला दबतो आणि सुटतो, त्यात रबर आणि धागे थोडी ताकद खातात. केसिंग, म्हणजे रबराखालचं धाग्यांचं कापड, मऊ, लवचीक असेल तर कमी खातात. चांगल्या आणि सुमार टायरमध्ये घर्षणाचा गुणांक ०.००५ विरुद्ध ०.००८ एवढा फरक असू शकतो. ८५ किलो आणि ताशी २५ किलोमीटर धरा, हा फरक १७ वॅटचा झाला. दीडशे वॅटवर चालवणाऱ्या माणसाचा एक दशांशाहून जास्त जोर टायरातच जिरला. सायकलीसोबत आलेल्या तारेच्या कडेच्या, जाड केसिंगच्या टायरांवर तुम्हाला जडपणा जाणवत असेल, तो यातला असतो, वजनाचा नव्हे.

केसिंग ओळखायची साधी रीत म्हणजे हातात धरून चिमटा. घडीचा टायर दुकानात उलगडून बाजू दोन बोटांत दाबा. जाड गोणपाटासारखी लागली तर टायर चिवट पण मंद, कापडासारखी लागली तर पळणारा. टीपीआयचा आकडा, म्हणजे इंचात किती धागे, यावर फार विसंबू नका. काही कंपन्या एका थराचे धागे मोजतात, काही सगळ्या थरांची बेरीज छापतात. कॉन्टिनेन्टल ३/१८० लिहितं, म्हणजे ६० धाग्यांचे तीन थर. तो १२० वाल्यापेक्षा दीडपट नाजूक असतो असं नाही.

आता तुमच्यासाठी काय घ्यायचं. पुढं आणि मागं एकच टायर घ्यायची सवय सोडा. मागच्या चाकावर वजन जास्त, दगडावर आपटतं ते जास्त, घासतंही तेच. म्हणून पुढं मऊ, पळणारा टायर: कॉन्टिनेन्टलचा टेरा स्पीड किंवा त्या जातीचा, बारीक दाट नक्षीचा. मागं मधोमध गुळगुळीत पट्टी आणि बाजूला दाणे असलेला दमदार टायर, स्पेशलाइज्डच्या पाथफाइंडर प्रोसारखा, किंवा पॅनारेसरच्या ग्रॅव्हलकिंगमधला तशा नक्षीचा. मुरमावर मधली पट्टी पळते, वळणावर बाजूचे दाणे धरतात. पुसेगाव-दहिवडीचे पैसे त्यात वसूल होतात. मागच्याचं वजन ५०० ग्रॅमच्या घरात आलं तर कुरकुर करू नका. मोठमोठ्या गुट्ट्यांचे टायर आपल्याकडं कशाला घेतात, मला अजून कळलेलं नाही. कोरड्या मुरमावर त्यांची गरज नसते, आणि पावसाळ्यात काळ्या मातीत कुठलीही नक्षी दोन मिनिटांत भरून गुळगुळीत होते. तिथं सायकल खांद्यावर घेणं हा एकच उपाय. कासच्या पठारावर तर रस्ता सोडून आत चाक घालायचंच नाही, मग टायर कुठलाही असो.

मापाचं म्हणाल तर फ्रेममध्ये जागा असेल तर ४० वरून ४२ किंवा ४५ वर जा. चिमटा बसण्याची शक्यता कमी होते आणि हवा कमी ठेवता येते. टायर बसवल्यावर फ्रेम आणि टायर यांत दोन्हीकडं करंगळीचं टोक जाईल एवढी फट हवी, नाहीतर चिखलात चाक अडकतं.

हवेबद्दल सगळ्यात जास्त चुका होतात. तुम्ही किती भरता ते लिहिलेलं नाही, पण माझा अंदाज आहे साठ पीएसआय (पंपावर हवेचा दाब याच मापात असतो). दगडी रस्त्यावर कडक टायर पळत नाही, तो उडतो, आणि प्रत्येक उडीत तुमचा जोर वाया जातो. तुमच्या वजनाला ४० च्या ट्यूबलेस टायरला मुरमावर पुढं ३० आणि मागं ३३ पीएसआयपासून सुरुवात करा, डांबरी जास्त असेल तर तीन-चार वाढवा. ट्यूब असेतोवर ४० पीएसआयच्या खाली जाऊ नका. पायपंपावरचा काटा एवढ्या कमी हवेला नीट दाखवत नाही, वेगळं डिजिटल गेज घ्या. आणि उन्हाळ्यात लक्षात ठेवा, पहाटे २० अंशाला भरलेली ३५ ची हवा दुपारी टायर ४५ अंशांपर्यंत तापला की ३९ च्या आसपास जाते. रिमवर कमाल दाबाचा आकडा लिहिलेला असतो. रिम आणि टायर यांत ज्याचा आकडा कमी, तो पाळा.

ट्यूबलेस करण्याआधी रिमवर किंवा सायकलीच्या माहितीत 'ट्यूबलेस रेडी' आहे का बघा. नसेल तर जबरदस्ती करू नका. ज्याचा कोअर, म्हणजे आतला हवा अडवणारा भाग, सुटा होतो अशा व्हॉल्व्हची साधी ब्यूटिल ट्यूब घ्या आणि तिच्यातच सीलंट घाला. सराट्यासाठी हेही पुष्कळ आहे आणि स्वस्त आहे.

बसवताना रिम टेप आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त रुंद घ्या. रिम स्पिरिटनं पुसून टेप ताणून लावा. सगळ्या गळत्या इथूनच सुरू होतात. कडेला साबणाचं पाणी लावा, व्हॉल्व्हचा कोअर काढा आणि एकदम जोरात हवा सोडा, 'टक् टक्' असे आवाज येऊन कडा जागेवर बसतात. गाडीच्या पंक्चरवाल्याचा कंप्रेसर चालतो, पण नळी स्वतःच्या हातात धरा आणि सेकंदा-सेकंदानं भरा. तो सवयीनं ट्रॅक्टरसारखी भरायला जातो. कडा बसल्या की व्हॉल्व्हमधून एकेका चाकात ६० ते ८० मिलिलिटर सीलंट घाला. बाटलीवर तीन ते सहा महिने टिकतं असं लिहिलेलं असेल. ते थंड हवेचं गणित आहे. मार्च ते मे आपल्याकडं दर महिन्याला बघा. चाक कानाशी धरून हलवलं की आत खळखळ ऐकू आली पाहिजे. आवाज नाही तर सीलंट वाळलं, आणि तुम्ही ट्यूबही नाही नि सीलंटही नाही, अशा अवस्थेत फिरताय.

रस्त्यात टायरमध्ये रुतलेला काटा दिसला तर काय करायचं, यात ट्यूबवाले आणि ट्यूबलेसवाले यांचे नियम उलटे आहेत. ट्यूब असेल आणि हवा टिकून असेल, तर काटा उपसू नका, घरी या. ट्यूबलेस असेल तर उपसा, भोक खाली येईल असं चाक फिरवून धरा आणि अर्धा मिनिट थांबा. मोठ्या भोकात रबरी वात ढकलायची. सायकलीसाठीची बारीक वात मिळते, ती ठेवा. मोटारीची जाड असते, ती घालताना आपणच भोक वाढवतो. बाजू फाटली तर आतून आधार लागतो. टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबचा हातभर नाही, पण तीन बोटांएवढा तुकडा मी कायम जवळ ठेवतो. तो आत लावून वर ट्यूब घातली की घरी येता येतं.

पण ती ट्यूब घालण्याआधी एक काम. दोन-तीन महिने ट्यूबलेस चालवलेला टायर आतून साळिंदरासारखा झालेला असतो. सीलंटनं बंद केलेल्या कित्येक काट्यांची टोकं आतल्या बाजूनं तशीच उभी असतात, आणि नवी ट्यूब त्यांच्यावर बसली की क्षणात जाते. बोट फिरवून टोक सापडत नाही, सापडलं तर रक्त येतं. कापसाचा बोळा आतून सावकाश फिरवा. जिथं कापसाचे तंतू अडकतात तिथं टोक आहे, ते बाहेरून ढकलून चिमट्यानं ओढा. पुसेगावला माझ्याकडं कापूस असता तर निदान ती दुसरी ट्यूब वाचली असती.

सोबत एक ट्यूब, वात, छोटा पंप, कापूस आणि प्रेस्टा व्हॉल्व्हवर बसणारा तो पितळी अडॅप्टर ठेवा. अडॅप्टर क्षुल्लक वाटतो, पण तो असला की गावोगावचा प्रत्येक पंक्चरवाला तुमच्या कामाचा होतो.

जुने टायर टाकून देऊ नका, पावसाळ्यात शहरात फिरायला आहेतच. आणि नवे बसवले की पहिल्याच रविवारी दहिवडी गाठू नका. आदल्या दिवशी शहरातच आठ-दहा किलोमीटर फिरवून आणा म्हणजे सीलंट आत सगळीकडं पसरेल. रात्री दोन्ही चाकांची हवा मोजून ठेवा आणि सकाळी पुन्हा मोजा. तीन-चार पीएसआय उतरली असेल तर काळजी नाही, दहा उतरली असेल तर टेप परत लावायला घ्या.